आपला जॉन मर्फी नेमका कोणता? जुन्या आयरिश वर्तमानपत्रांत नेहमीच्या नावाचा माग

आयरिश घराण्याची मुळं शोधणारा माणूस जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहात पहिल्यांदा आला की शोधचौकटीत पूर्वजाचं नाव टाकतो आणि बटण दाबतो. नाव जॉन मर्फी असेल तर समोर ढिगारा येऊन पडतो. कुणी दारू पिऊन पकडला गेलेला, कुणी बैल विकायला काढलेला, कुणी गलबतावरून पडून बुडालेला, कुणी नगरपालिकेवर निवडून आलेला, आणि सगळे जॉन मर्फी. नाव तंतोतंत जुळतं, आणि तरी हाती काहीच लागलेलं नसतं.

म्हणून इथे शोधाची दिशा उलटी ठेवावी लागते. नावाच्या शेजारी काय छापलं गेलं असेल, म्हणजे वाडी, धंदा, बायकोचं माहेर, साक्षीदार, शेजारी, ते आधी गोळा करायचं आणि तेच शोधायचं. नाव शेवटी जुळवून पाहायचं.

एवढे मर्फी आले कुठून

पुढे आयर्लंडचे रजिस्ट्रार जनरल, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी खात्याचे प्रमुख, झालेले रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० सालच्या जन्मनोंदींवरून आडनावांची मोजदाद केली आणि १८९४ मध्ये ती छापली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तेव्हा देशात मर्फी सुमारे ६२,६००, केली ५५,९००, सलिव्हन ४३,६००, वॉल्श ४१,७०० आणि स्मिथ ३३,७०० होते. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण ४७ लाख. शिवाय ही आडनावं देशभर सारखी पसरलेली नव्हती. मर्फी कॉर्क आणि वेक्सफर्डमध्ये दाटीने, रायन टिपरेरी आणि लिमरिकमध्ये, सलिव्हन कॉर्क आणि केरीत. नेमक्या ज्या भागात आपल्याला शोधायचं असतं तिथेच गर्दी सर्वांत जास्त असते.

त्यात पहिल्या नावांचा साठाही तोकडा. जॉन, पॅट्रिक, मायकेल, जेम्स, थॉमस, विल्यम एवढ्यांत निम्मी-अधिक पुरुषमंडळी आटोपतात. नाव ठेवण्याचा रिवाज असा की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला बापाचं. मुलींत थोरलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. रिवाज सगळे पाळत नसत, पण पाळला तर काय होतं ते पाहा. आजोबा जॉन मर्फी. त्यांना चार मुलगे. चौघांनीही थोरल्याचं नाव आजोबांवरून ठेवलं. झाले चार जॉन मर्फी, चौघे सख्खे चुलतभाऊ, वयात पाच-सहा वर्षांचं अंतर, एकच पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा गावांचा गट, आणि पुष्कळदा एकच वाडी.

आपल्याकडे नावात वडिलांचं नाव मधोमध बसलेलं असल्यामुळे निदान एक पिढी तरी सुटी करता येते. तिकडे ती सोय कागदोपत्री नव्हती, तरी गावाला माणसं वेगळी ओळखायची होतीच. मग बापाचं नाव, केसांचा रंग, धंदा असं काहीतरी मागे जोडत. ग्रिफिथच्या मूल्यमापनात, म्हणजे १८४७ ते १८६४ दरम्यान करआकारणीसाठी केलेल्या जमीनधारकांच्या यादीत, ही ओळख कंसात छापलेली सापडते: जॉन मर्फी (डॅन), म्हणजे डॅनचा जॉन, रायन (बॉन), म्हणजे गोऱ्या किंवा पिंगट केसांचे रायन, कुणी (विणकर). कोर्टाच्या बातम्यांतही हीच पुरवणी येते. ती दिसली की आधी टिपून ठेवा. नेहमीच्या नावाच्या शोधात ती आडनावापेक्षा मोलाची असते.

पेपर उघडण्याआधी

आयर्लंडची सामान्य जनगणना-कागदपत्रं फारशी उरलेली नाहीत. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सरकारी अभिलेखागार, जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या गणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. एकोणिसाव्या शतकातल्या साध्या माणसासाठी वर्तमानपत्र इतकं महत्त्वाचं ठरतं ते या पोकळीमुळे.

उरलेल्या साधनांतून सुरुवात करायची ती माणसाच्या जागेपासून. आयर्लंडमध्ये जागेचं सर्वांत लहान एकक म्हणजे टाऊनलँड. आपल्या वाडीसारखं समजा, फक्त हद्द ठरलेली आणि नकाशावर आखलेली. अशा ६० हजारांहून जास्त टाऊनलँड आहेत. त्यांच्यावर सरकारी हिशेबाची सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. कॅथलिक पॅरिश ही सिव्हिल पॅरिशहून वेगळी आणि दोघींची नावं अनेकदा जुळत नाहीत. इथे घोटाळा झाला तर पुढचं सगळं चुकतं. शिवाय नावंही पुन्हा पुन्हा येतात. बॅलीडफ केरीतही आहे आणि वॉटरफर्डमध्येही. किलमोर तर कितीतरी काउंट्यांत. म्हणून कागदावर नुसतं बॅलीडफ लिहू नका, काउंटी आणि पॅरिशसकट लिहा.

मग त्या परिसरातल्या नामसाधर्म्याची यादी करा. १९०१ आणि १९११ ची जनगणना आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहे. तिथे काउंटी लावून त्या नावाचे सगळे काढा आणि वय, धंदा, टाऊनलँड, बायकोचं नाव असा तक्ता करा. त्याआधीच्या पिढीसाठी ग्रिफिथ आणि त्याही मागे १८२३ ते १८३७ ची टाइद ॲप्लॉटमेंट पुस्तकं, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या आकारणीच्या वह्या. स्पर्धक किती आहेत हे आधी माहीत असेल तर पेपरात सापडलेल्या माणसाला तक्त्यातल्या कोणत्या ओळीवर बसवायचं एवढाच प्रश्न उरतो.

वयाच्या रकान्यावर मात्र भार टाकू नका. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांच्या वृद्धांना पेन्शन मिळू लागलं, आणि १९०१ मध्ये ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ चा झालेला खुशाल दिसतो. मृत्यूच्या बातमीतलं वयही बहुतेकदा घरच्यांनी अंदाजाने सांगितलेलं असतं. पाच वर्षांचा फरक दिसला म्हणून माणूस नाकारायचा नाही. पंधरा वर्षांचा दिसला तर थांबून विचार करायचा.

कोणता पेपर

सगळी वर्तमानपत्रं सगळ्यांची नव्हती. बेलफास्ट न्यूज-लेटर १७३७ पासूनचं, उत्तरेतल्या प्रॉटेस्टंट वस्तीचं. डब्लिनचं फ्रीमन्स जर्नल १७६३ ते १९२४, एकोणिसाव्या शतकात कॅथलिक राष्ट्रवादी वाचकांचं. कॉर्कमध्ये १८४१ पासून कॉर्क एक्झॅमिनर होतं आणि त्याच शहरात युनियनिस्टांचं, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणाऱ्यांचं, कॉर्क कॉन्स्टिट्यूशन. घरात लग्न झालं, माणूस गेला, तर जाहिरात आपल्या गोटाच्या पेपरात जाई. कॅथलिक शेतकऱ्याची निधनवार्ता कॉन्स्टिट्यूशनमध्ये मिळाली नाही यात नवल नाही. उलट तिथे जॉन मर्फीच्या मृत्यूची पैसे भरून दिलेली जाहिरात दिसली, तर तो आपला कॅथलिक शेतकरी असण्याची शक्यता कमी धरावी.

पैशाचाही प्रश्न होता. १७७४ पासून आयर्लंडमध्ये वर्तमानपत्रांवर मुद्रांक शुल्क होतं. १८३६ मध्ये ते एक पेनीवर आलं आणि १८५५ मध्ये उठलं. जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये गेला. त्याआधीच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या स्तंभात जमीनदार, व्यापारी, वकील, पाद्री आणि लष्करी अधिकारीच भेटतात. १८३० च्या सुमाराचा भूमिहीन मजूर तिथे शोधणं व्यर्थ. दुष्काळाच्या काळात, १८४५ नंतर, गरीब माणसाचं नाव छापलं गेलं तर ते मुख्यतः मृत्यूच्या चौकशीच्या, म्हणजे कॉरोनरच्या बातमीत. १८५५ नंतर स्वस्त पेपर निघाले, तालुक्याच्या गावीही साप्ताहिकं उभी राहिली आणि लहान माणसं छापील कागदावर येऊ लागली.

मिळण्याची ठिकाणं मुख्यतः तीन. आयरिश न्यूजपेपर आर्काइव्ह्ज. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह, जे ब्रिटिश लायब्ररी आणि फाइंडमायपास्ट ही वंशावळीच्या नोंदी पुरवणारी कंपनी यांनी २०११ मध्ये सुरू केलं आणि ज्यात आयरिश पेपर भरपूर आहेत. आणि डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरचं राष्ट्रीय ग्रंथालय, जिथे डिजिटल न झालेले पेपर मायक्रोफिल्मवर पाहता येतात. ब्रिटिश संग्रहात शोध घेणं आणि निकालातल्या दोन-तीन ओळी पाहणं फुकट आहे, बहुतेक पानं उघडायला पैसे लागतात. म्हणून महिनाभर फुकटातला शोध घेऊन तारीख-पानांची यादी करा, मग एक महिन्याची वर्गणी भरून सगळी पानं एकदम उतरवा. उलटा क्रम केलात तर वर्गणीचा महिना नुसत्या चाचपडण्यात जातो.

शोधण्याआधी त्या पेपरची कोणकोणती वर्षं संग्रहात आहेत तेही पाहा. मधली पाच-दहा वर्षं नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. ‘१८७२ मध्ये सापडला नाही’ आणि ‘१८७२ चा पेपरच संग्रहात नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

यंत्राला काय दिसतं

डिजिटल संग्रहात आपण छापील पान शोधत नसतो. संगणकाने ते पान वाचून तयार केलेला मजकूर शोधत असतो. हे वाचन, ज्याला ओसीआर म्हणतात, जुन्या पेपरवर फार गडबडतं. शाई पसरलेली, मागच्या पानावरची अक्षरं पुढे उमटलेली, बांधणीत आतला स्तंभ वाकलेला, आणि वर मायक्रोफिल्मवरून केलेलं स्कॅन. मर्फीच्या रोमन लेखनातलं ‘एच’ हे ‘बी’ होतं, शेवटचा ‘वाय’ हा ‘व्ही’ होतो, ‘यू’चा ‘एन’ होतो. बर्न या आडनावात ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी येतात, यंत्र त्यांचा एकच ‘एम’ करतं आणि आडनाव ओळखू येईनासं होतं. साधारण १८०० पूर्वीच्या पानांवर लांब ‘एस’ असतो, तो ‘एफ’ म्हणून वाचला जातो. मॉरिसी तिथे ‘मॉरिफी’सारखा बसलेला असतो. नाव ओळीच्या शेवटी तुटलं असेल तर अर्धं इथे, अर्धं तिथे. अवतरणचिन्हांत घालून नेमकं शोधलेलं पूर्ण नाव मग कधीच सापडत नाही.

मॅक लागलेली आडनावं हा आणखी एक सापळा. मॅकार्थी तेव्हा ‘एम’पुढे उलटा स्वल्पविराम देऊन छापत. यंत्र त्याचे दोन तुकडे करतं, म्हणून नुसतं ‘कार्थी’ शोधावं. आडनावाआधीच्या ‘ओ’चं दुखणं निराळं, ते यंत्राचं नाही. एकोणिसाव्या शतकात बरीच कुटुंबं नुसतं सलिव्हन, कॉनर, केली लिहीत. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, आयरिश भाषेची चळवळ वाढली, तसा तो ‘ओ’ परत आला. बाप सलिव्हन म्हणून पुरला गेला आणि मुलगा ओ’सलिव्हन म्हणून, असं एकाच घरात दिसतं.

पहिल्या नावांची यादी आधीच करून ठेवा. पॅट्रिक हा पॅट, पॅडी, शिवाय छापखान्याच्या काटकसरीत ‘पॅटक.’ जॉन हा ‘जे-एन-ओ’, जेम्स ‘जॅस.’, थॉमस ‘थॉस.’, विल्यम ‘डब्ल्यू-एम’. जेरेमाया, डार्बी आणि आयरिशमधला डिअरमुइड हे एकच. टिमथी आणि थेडी एकच. युजीन आणि ओवेन एकच. कॉर्नेलियस म्हणजे कॉन. ब्रिजिट ही बिडी, डेलिया, बेडिलिया. ऑनोरा ही नोरा, हनोरा, नॅनो. बाप्तिस्म्याच्या वहीत डार्बी, पेपरात जेरेमाया आणि बॉस्टनला पोचल्यावर जेरी, यात कुणी नाव बदललेलं नसतं.

शोध कसा लावायचा

पहिला शोध नावाचा न करता टाऊनलँडचा करा: काउंटीचे पेपर निवडून, पन्नास वर्षांच्या पट्ट्यात, नुसतं वाडीचं नाव आणि त्याची दोन-तीन स्पेलिंगं. लहान वाडी असेल तर निकाल वाचून संपवता येण्याइतके येतात. ते सगळे वाचा. तिथले जमीनदार, शेजारी, पाद्री, दुकानदार यांची नावं कळतात आणि तीच पुढे ओळखीची खूण होतात.

मग आडनाव अधिक टाऊनलँड. मग आडनाव अधिक बायकोचं माहेरचं आडनाव. मग पहिलं नाव अधिक धंदा. बहुतेक संग्रहांत तारका अनेक अक्षरांच्या जागी आणि प्रश्नचिन्ह एका अक्षराच्या जागी चालतं, त्याने ओसीआरच्या चुका झाकता येतात. काही ठिकाणी दोन शब्दांतलं अंतर ठरवता येतं. तिथे जॉन आणि मर्फी दहा शब्दांच्या आत असं मागा, म्हणजे ‘मर्फी, जॉन’ आणि ‘जॉन जे. मर्फी’ दोन्ही येतात. लेखप्रकार निवडायची सोय असली तर कौटुंबिक सूचना आधी पाहा, पण तिथेच थांबू नका. जुन्या पेपरांचं हे वर्गीकरण यंत्राने केलेलं असतं आणि ढिसाळ असतं.

वजाबाकीचं चिन्ह, म्हणजे एखादा शब्द असलेले निकाल वगळण्याची खूण, मात्र जपून वापरा. वेक्सफर्डमध्ये जॉन मर्फी शोधला की पुढे उभे राहतात फादर जॉन मर्फी, बूलाव्होगचे पाद्री, १७९८ च्या उठावातले पुढारी, त्याच वर्षी जुलैमध्ये टलो इथे फाशी दिलेले. शताब्दीच्या सुमाराला, १८९८ मध्ये, त्यांच्या स्मरणाच्या बातम्यांनी पेपर भरलेले आहेत, १९४८ मध्ये पुन्हा. साहजिकच हात ‘फादर’ हा शब्द वगळण्याकडे जातो. पण तो वगळला की ‘त्याचे वडील’ असा उल्लेख असलेली प्रत्येक बातमीही गेली, कारण इंग्रजीत शब्द तोच. ‘बूलाव्होग’ आणि ‘१७९८’ वगळा, तेवढं पुरतं. डब्लिनमध्ये १९१३ च्या मालक-कामगार झगड्यातल्या टाळेबंदीच्या काळात असाच पूर विल्यम मार्टिन मर्फी यांचा येतो. ट्रामचे मालक, इंडिपेंडंट वर्तमानपत्राचे मालक, आणि शिव्याशापांचे धनी. तिथे ‘ट्राम’ हा शब्द वगळावा, पूर बराच ओसरतो. फक्त आपला मर्फी ट्रामवर कंडक्टर नव्हता ना, हे आधी पाहावं.

कुठल्या बातम्या कामाच्या

सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे पेटी सेशन्स, गावपातळीवरचं किरकोळ गुन्ह्यांचं कोर्ट. गाडीवर मालकाचं नाव रंगवलं नाही म्हणून दंड, शेळी दुसऱ्याच्या शेतात शिरली म्हणून दंड, कुत्र्याचा परवाना नाही म्हणून दंड. साध्या माणसाचं नाव आयुष्यात एकदा तरी इथे यायचंच. बातमीत टाऊनलँड असतं, फिर्यादी बहुधा शेजारी असतो, आणि कोर्टाची मूळ वही बऱ्याच ठिकाणी शिल्लक असल्यामुळे पडताळता येतं. शेळीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी मर्फी असतील तर अधिकच चांगलं: दोन स्पर्धक एकाच दिवशी, एकाच खोलीत, वेगवेगळे उभे राहिलेले सापडले.

वर्गणीच्या याद्याही अशाच. देवळाच्या बांधकामासाठी, दुष्काळ निवारणासाठी, राष्ट्रवादी पुढारी पार्नेल यांच्या सन्मान निधीसाठी दिलेल्या शिलिंगांची यादी पॅरिशवार छापली जाई, पुष्कळदा वाडीसकट. एकाच यादीत तीन जॉन मर्फी तीन वाड्यांसमोर आले की तक्त्यातल्या तीन ओळी एका फटक्यात पक्क्या होतात. जमीनदाराच्या मालमत्तेच्या विक्रीच्या जाहिराती, पुअर लॉ गार्डियन्सच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, सभांचे वृत्तांत, गुरांच्या प्रदर्शनातली बक्षिसं, शाळेचे निकाल, हे सगळं चाळावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रेतयात्रेचे लांबलचक वृत्तांत येतात: मुख्य शोक करणारे कोण, मुलं, जावई, मेहुणे, पुतणे. जावयांची आडनावं तिथे मिळतात आणि लग्न झालेल्या मुली पुन्हा हाती येतात. एरवी त्या ‘मिसेस जेम्स केली’ होऊन नवऱ्याच्या नावाखाली गडप झालेल्या असतात.

आता निधनाची एक सूचना जवळून वाचू. ओळी आम्ही नमुन्यासाठी बांधल्या आहेत, साचा त्या काळचा. पेपर ३ मेचा. ‘ता. २८ अल्टिमो रोजी, बॅलीडफ येथे राहत्या घरी, दीर्घ दुखण्यानंतर, मि. जॉन मर्फी, वय ६४, कै. डॅनियल मर्फी यांचे चिरंजीव. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी कृपया उतरून घ्यावे.’

‘अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्यातला, तेव्हा मृत्यू २८ एप्रिलचा. ‘इन्स्टंट’ असतं तर चालू महिन्यातला, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढच्या. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. माणसं २८ मे लिहून ठेवतात, पेपर ३ मेचा आहे हे विसरून. ‘मि.’ आहे, ‘एस्क्वायर’ नाही: बऱ्यापैकी शेतकरी किंवा दुकानदार, जमीनदार नव्हे. काउंटी दिलेली नाही, म्हणजे स्थानिक पेपरच्या वाचकाला ती सांगायची गरज नव्हती. हीच सूचना डब्लिनच्या पेपरात असती तर काउंटी आली असती. बापाचं नाव डॅनियल, तेव्हा ग्रिफिथमधला ‘जॉन मर्फी (डॅन)’ हा दावेदार झाला. शेवटच्या वाक्याचा अर्थ असा की भाऊ, बहीण किंवा मुलं अमेरिकेत आहेत आणि घरच्यांना त्यांचा पत्ता कदाचित धड माहीत नाही. मग बॉस्टनच्या पायलट या पेपराकडे वळायचं. त्यात ऑक्टोबर १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, आणि त्यांत माणसाची काउंटी, पॅरिश, कधी टाऊनलँडसुद्धा दिलेलं असे. आयर्लंडमधल्या कागदांत न सापडलेली वाडी कित्येकदा बॉस्टनच्या जाहिरातीत सापडते.

लष्करातला माणूस असेल तर हीच युक्ती उलट्या दिशेने. मुंबई, पुणे, खडकीच्या छावण्यांतल्या आयरिश अधिकाऱ्यांचे मृत्यू आणि लग्नं आयर्लंडच्या पेपरांत छापून येत, पण बोट पोचून बातमी छापली जाईपर्यंत बरेच दिवस लोटलेले. आगबोटींच्या आधीच्या काळात तर हा काळ महिन्यांत मोजावा लागतो. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची एक बटालियन १८८१ पूर्वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स होती, हे ठाऊक नसेल तर पलटणीच्या नावावरून माणूस हातचा निसटतो.

जन्माच्या सूचनेकडून फार अपेक्षा ठेवू नका. ‘मि. जॉन मर्फी यांच्या पत्नीस मुलगा’, एवढंच. आईचं नाव नाही, बाळाचं नाही.

तारखांचा आणखी एक घोळ

प्रांतातले पेपर एकमेकांचा मजकूर सर्रास उचलत. एका बुडालेल्या जॉन मर्फीची बातमी पाच पेपरांत आली म्हणजे पाच पुरावे झाले नाहीत. पुरावा एकच, चार नकला. उचलताना ‘गेल्या मंगळवारी’ हे शब्द तसेच ठेवले जात. मूळ पेपर गुरुवारचा असेल आणि नक्कल दहा दिवसांनी छापली असेल तर नकलेवरून काढलेला मंगळवार एक आठवडा चुकतो. बातमीच्या खाली छोट्या अक्षरांत मूळ पेपरचं नाव असतं. ते शोधा आणि तो अंक काढा. १७५२ पूर्वीच्या अंकांत वेगळीच गंमत आहे: तेव्हा कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखेवर मागचं साल छापलेलं असू शकतं.

तोच की दुसरा

प्रत्येक कात्रणासाठी एक ओळ करा: पेपर, अंकाची तारीख, पान, स्तंभ, नाव जसं छापलं तसं, जागा जशी छापली तशी, त्यापुढे आजचं टाऊनलँड, धंदा, नातलग, घटनेची हिशेबाने काढलेली तारीख, आणि निवाडा. निवाड्याला तीनच शब्द ठेवा: तोच, बहुधा, नाही. ‘नाही’ ठरलेली कात्रणं फेकू नका. सहा महिन्यांनी तेच कात्रण पुन्हा सापडतं आणि आधी का नाकारलं होतं ते आठवत नाही. स्पर्धकांनाही तात्पुरती नावं द्या, बॅलीडफचा जॉन, गिरणीवाला जॉन, डॅनचा जॉन.

नाव सोडून दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्याशिवाय ‘तोच’ लिहायचं नाही. वाडी आणि बायको, किंवा वाडी, धंदा आणि वर्ष. वाडी आणि आडनाव एवढंच जुळणं म्हणजे काहीच नाही, कारण चुलतभाऊ त्याच वाडीत असतो. नाकारायला मात्र एकच गोष्ट पुरते: मृत्यूनंतर गाय विकणारा, किंवा एकाच आठवड्यात केरीत आणि तुरुंगात. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ यांवर विसंबू नका. त्या काळी ते शब्द काका-पुतण्यालाही लावत, आणि थोरला वारला की ज्युनियर आपोआप सीनियर होई.

१८६४ पासून सगळ्यांचे जन्म-मृत्यू-विवाह सरकारदरबारी नोंदले जाऊ लागले. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासूनच. या नोंदींच्या प्रतिमा आयरिश जिनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, गोपनीयतेच्या मुदतीनंतरच्या: जन्म १०० वर्षांनी, लग्नं ७५, मृत्यू ५० वर्षांनी. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं नसतात, पण खबर देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मृत्यूच्या वेळी तो हजर होता का, हे असतं. तो खबर देणारा प्रेतयात्रेच्या बातमीतला जावई निघाला की जोड पक्की बसते. त्याआधीच्या काळासाठी कॅथलिक पॅरिशच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये फुकट खुल्या केल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. त्यात बाप्तिस्म्याला उभे राहणारे धर्मपिते आणि धर्ममाता छापील बातमीतल्या शेजाऱ्यांशी ताडून पाहा. ती माणसं सहसा नात्यातली असतात.

आणि कधी कधी दोन जॉन मर्फी सुटे होतच नाहीत. एकच वाडी, बायका दोघींच्या मेरी, वयात दोन वर्षांचं अंतर, दोघेही शेतकरी. अशा वेळी १८६६ पासूनच्या कुत्र्यांच्या परवान्यांच्या वह्या पाहाव्यात. परवाना दरसाल काढावा लागे, नोंद पत्त्यासकट होई आणि कुत्र्याचा रंग व जातही लिहीत. त्यातूनही काही निघालं नाही, तर तक्त्यात दोन ओळी तशाच शेजारी ठेवायच्या, कात्रणं दोन्हींच्या पुढे ‘बहुधा’ म्हणून लिहायची, आणि वंशवृक्षावर त्या जागी रेघ तुटक काढायची.